सोमाली लोक स्वतःला अरब समजतात का?

तुमचा प्रश्न असा, की सोमाली जवळजवळ सगळे मुसलमान, नावं बहुतेक अरबी, पूर्व आफ्रिकेतला त्यांचा देश सोमालिया अरब लीगमध्ये, म्हणजे अरब देशांच्या संघटनेत. मग ते अरबच झाले की, आणि तसं म्हटलं तर त्यांना राग का येतो?

ते अरब नाहीत. राग का येतो हे मला एका मित्रामुळे कळलं, म्हणून तिथूनच सांगतो.

मी रत्नागिरी जिल्ह्यातला कोकणी मुसलमान. पुण्यात शिकत असताना एका सोमाली मुलाशी ओळख झाली ती अस्रच्या, म्हणजे दुपार उलटल्यावरच्या नमाजमुळे. हनफी आणि शाफई हे सुन्नी मुसलमानांचे दोन धर्मशास्त्रीय पंथ. तिथल्या बहुतेक मशिदी हनफी, त्यांची अस्रची वेळ उशिरा लागते. आम्ही कोकणी शाफई, आमची आधी लागते. कॉलेजात त्या वेळेला नमाजला उभे राहणारे आम्ही दोघंच. सोमालीही शाफईच असतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. या सारखेपणामागे समुद्र आहे. येमेनकडची गलबतं मोसमी वाऱ्यावर इकडे चौल-दाभोळला यायची, तिकडे सोमाली किनाऱ्यावरच्या झैला, बर्बरा, मोगादिशू या बंदरांना जायची. दीन, म्हणजे धर्म, आमच्याकडे आणि त्यांच्याकडे याच पाण्यावरून आला. आमच्या घरात त्यामुळे कोणी अरबी बोलायला लागलं नाही, त्यांच्याही नाही.

सोमाली ही कुशिटिक, म्हणजे ईशान्य आफ्रिकेतल्या एका भाषाकुळातली भाषा. ओरोमो आणि अफार तिच्या सख्ख्या बहिणी, अरबी दूरची नातेवाईक. प्रवासी इब्न बतूता 1331 मध्ये मोगादिशूला उतरला तेव्हा तिथल्या सुलतानाबद्दल त्याने लिहून ठेवलंय, की त्याला अरबी येते पण त्याची बोली तिथलीच आहे. म्हणजे जवळपास सातशे वर्षांपूर्वी शहर पक्कं मुसलमान होतं आणि भाषा स्वतःची होती.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट कायद्याची, म्हणजे मदरशात मुलाच्या हाती पहिल्यांदा देतात त्या पुस्तकाची. आम्ही लहानपणी 'अलिफ जबर अ, अलिफ जेर इ, अलिफ पेश उ' असं घोकायचो. जबर, जेर, पेश ही स्वरांच्या खुणांची नावं, शब्द फारसी. मित्राने त्याच्या गावचं म्हणून दाखवलं: 'अलिफ ला कोरडबय, अलिफ ला होसडबय, अलिफ ला गोदेय'. कोर म्हणजे वर, होस म्हणजे खाली. खूण अक्षराच्या वर आहे की खाली, हे मुलाला त्याच्याच भाषेत कळतं. ही पद्धत शेख यूसुफ अल-कौनैन यांनी बसवली असं मानतात. लोक त्यांना प्रेमाने औ बरखदले म्हणतात, उत्तरेकडच्या हर्गेसा शहराजवळ त्यांचा दर्गा आहे. कुराण अरबीतच राहिलं, पण त्याच्यापर्यंत पोचायची पायरी सोमाली झाली. अरब न होता मुसलमान कसं असता येतं, हे मला यातून जितकं समजलं तितकं कुठल्याच व्याख्यानातून समजलं नाही.

आता वंशावळ. मुलांना वडिलांकडून मागे मागे पूर्वजांची नावं पाठ करायला लावतात, त्याला 'अबतिरसी' म्हणतात. मित्र वीस-पंचवीस नावं एका दमात म्हणायचा. इसाक आणि दारोद या मोठ्या कबिल्यांची साखळी शेवटी अरबस्तानातून आलेल्या एकेका शेखपाशी पोचते. अभ्यासक याला आख्यायिका मानतात, आणि मलाही ते पटतं. पण तिला खोटेपणा म्हणायला माझं मन धजत नाही. 'आपले पूर्वज अरबस्तानातून जहाजाने आले' हे माझ्या आजीनेही मला सांगितलंय. त्यात पैगंबरांच्या भूमीशी आपला धागा जोडण्याची ओढ असते. मित्राच्या आजोबांचं नाव मात्र रोबले होतं, पावसात जन्मलेला. ते नाव अरबस्तानातून आलेलं नाही.

सोमाली भाषा कोणत्या लिपीत लिहायची, यावरून मात्र खरा वाद झाला. अरबी लिपी हवी म्हणणारे 'लातीन म्हणजे ला दीन' असं म्हणत. अरबीत ला दीन म्हणजे धर्म नसलेला. उस्मान यूसुफ केनदीद यांनी 1920 च्या सुमारास बनवलेली स्वतंत्र उस्मानिया लिपीही होती. शेवटी सियाद बर्रे यांच्या लष्करी सरकारने ऑक्टोबर 1972 मध्ये लॅटिन लिपी जाहीर केली. त्याच सरकारने 1974 मध्ये देश अरब लीगमध्ये नेला. दोन वर्षांच्या आत हे दोन्ही घडलं, म्हणून लीगचं सदस्यत्व बघून लोकांची ओळख ठरवू नका. तो राज्यकर्त्यांचा हिशोब होता, तेलवाल्या शेजाऱ्यांकडे बघून केलेला.

मग राग का? आखातात कामाला गेलेल्या सोमालींना तिथे काळे आफ्रिकी म्हणून हिणवलं जातं. मित्राच्या काकांनी ते वर्षानुवर्षं सोसलं. बाहेरचा माणूस तुम्हाला अरब म्हणतो आणि अरब तुम्हाला आपलं मानत नाही, यात माणूस दुखावणारच. शिवाय 1991 ला सरकार कोसळल्यानंतर आखातातून आलेल्या कडव्या विचारांचं वजन वाढलं. गुंतीनो हे पारंपरिक वस्त्र नेसणाऱ्या आज्यांच्या नाती जिलबाबात, म्हणजे अंगभर झाकणाऱ्या सैल वस्त्रात दिसू लागल्या. अल-शबाब या सशस्त्र कट्टर संघटनेने सूफी संतांच्या कबरी फोडल्या. जे सोमाली त्या कबरींवर फातिहा पढत मोठे झाले, त्यांना 'तुमचा इस्लाम कच्चा' हे बाहेरून ऐकावं लागलं. मला याची फार चीड येते.

एक कडू बाजूही लिहायला हवी. सगळ्यांना ही अरब साखळी मिळत नाही. दक्षिणेत नदीकाठी शेती करणारे बांटू वंशाचे लोक आहेत, त्यांना 'जरीर', म्हणजे कुरळ्या केसांचे, म्हणून खालचं लेखतात, आणि 1991 नंतरच्या लढायांत त्यांनी फार भोगलं. 'आम्ही सगळे एकाच पूर्वजाचे' या अभिमानात त्यांना जागा नव्हती. मित्र हे मान्य करायचा, पण मान खाली घालून.

पुण्यात कोणी सोमाली विद्यार्थी भेटला तर आजोबांचं नाव जरूर विचारा, खुशीने सांगेल. कबिला मात्र आपण होऊन विचारू नका. त्या लढायांत कबिला कळला म्हणून माणसं मारली गेलीत, आणि समोरच्या मुलाच्या घरातलं त्यात कोणी होतं का, हे तुम्हाला माहीत नसतं.