‘मी तर त्याला माफ केलंय’

“रोज पहाटे प्रार्थना करतो, शास्त्र वाचतो, तरी मन कोरडंच. असं का?” ख्रिस्ती मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, माणसं हे वरचेवर विचारतात. माझ्याशी बोलायला आलेल्या एका गृहस्थांचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

कोल्हापुरातले निवृत्त शिक्षक, मंडळीत ‘वडील’, म्हणजे तिचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांपैकी एक. “आमचं घराणं वाइल्डरसाहेबांच्या वेळचं,” हे पहिल्या पाच मिनिटांतच सांगून झालं. (वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी, कोल्हापुरात आले 1852 साली.) धाकट्या भावाशी सहा वर्षं अबोला. “पण माझ्या मनात काही नाही बघा मॅडम. मी तर त्याला कधीच माफ केलंय.”

“कशाबद्दल?”

चष्म्याची डबी उघडली, मिटली. “आईच्या आजारपणात त्यानं एक पैसा दिला नाही.”

‘वेदीवर अर्पण वाहण्याआधी भावाशी समेट कर’ हे बायबलातल्या मत्तय 5 मधलं वचन माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं. त्यांनी त्यावर कितीदा तरी उपदेश केला असणार. मलाच समजावत बसले असते. त्याऐवजी त्या वर्षाचा हिशोब जमेल तसा लिहून आणा म्हटलं.

तिसऱ्या भेटीत ते पासबुकच घेऊन आले. एका ओळीवर बोट ठेवलं: चाळीस हजार जमा, भावाकडून. “हे मागंच दिसलं होतं. पण तोवर पाहुण्यांत बोलून बसलो होतो. मग शब्द मागं कसा घ्यायचा?”

ज्याची माफी मागायची, त्यालाच माफ करून टाकलं होतं. आणि रोज पहाटे त्याच्यासाठी प्रार्थना: प्रभू, त्याला सुबुद्धी दे.

त्यांना मी ढोंगी म्हणणार नाही. बायबलात 2 शमुवेल 12 मध्ये दावीद राजानं दुसऱ्याची बायको घेतलेली असते. नाथान संदेष्टा त्याला गरिबाची एकुलती कोकरी हिसकावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगतो, तेव्हा दावीद त्या श्रीमंतावर मनापासून चिडतो. तो नाटक करत नसतो. त्याला स्वतःचं तोंड खरंच दिसत नसतं. मान राखायला मन असं बरंच काही झाकून ठेवतं, आणि मग प्रार्थनेत झाकलेलं सोडून बाकी सगळं बोललं जातं. घराणं, पद, पाठ असलेली वचनं, सगळी त्या झाकणावरची वजनं.

पुढच्या प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीला, त्यांनी भाकरीची ताटली फिरवायला नकार दिला. पाळकांना कारण सांगितलं नाही. त्याच आठवड्यात एसटीनं गडहिंग्लजला गेले, पासबुक घेऊन.

भावानं दारातच विचारलं, “सहा वर्षं लागली होय?” आणि चहा टाकायला आत गेला. पाहुण्यांना फोन करायचे अजून राहिलेत. यादी केलीय म्हणाले, अकरा नावं.