जुन्या गोठ्यात कोकमाचं युनिट: इमारत कशी करावी?

प्रश्न: कुडाळ तालुक्यातल्या आमच्या दहाजणींच्या बचत गटाला आगळ (कोकमाचा मीठ घातलेला रस) आणि आमसुलं करून विकायची आहेत. घरामागचा चिऱ्याचा गोठा, 20 बाय 30 फूट, रिकामा आहे. खाली शहाबादी घालून भिंतींना टाइल्स लावल्या तर चालेल का?

उत्तर: ताईंनो, गोठा चालेल, शहाबादी मात्र चालणार नाही. शहाबादी काय आणि कोटा काय, दोन्ही चुनखडीचेच दगड. रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा रस आंबट, तो सांडला की दगड खातो. फरशी खरबरीत होते, खाचांत रस मुरतो आणि मग कितीही घासलंत तरी वास जात नाही. सिमेंटच्या कोब्याचीही तीच गत. आम्ल सोसणाऱ्या, पाय न घसरणाऱ्या टाइल्स घ्या आणि सांधे इपॉक्सीने भरा. सांध्यांत पांढरं सिमेंट भरलंत तर टाइल शाबूत राहील, सांधे मात्र जातील. पैसे वाचवायचेच असतील तर भिंतीवर वाचवा. पाच फुटांपर्यंत टाइल पुरे, वर गुळगुळीत गिलावा आणि धुता येईल असा रंग.

पण त्याआधी जमीन उकरा. गोमूत्र मुरलेली माती निदान फूटभर काढून नवा भराव घाला. चिऱ्यांतही ते क्षार बसलेले असतात. तसाच गिलावा केलात तर लोणा लागून पोपडे सुटतील आणि ते थेट पिंपात पडतील. जुना गिलावा खरवडा, चिरे धुवा आणि पूर्ण वाळू द्या.

आता खोल्या. गवंडी येण्याआधी जमिनीवर चुन्याने भिंती आखा आणि रिकाम्या टोपल्या डोक्यावर घेऊन चालून बघा. एका टोकाने रातांबे आत येतील, निवडून धुतले जातील. मधल्या खोलीत फोडणं आणि मिठात मुरवणं. शेवटच्या खोलीत गाळणं, बाटल्या भरणं, आणि तिथूनच माल बाहेर. धुण्याची आणि भरण्याची खोली यांमध्ये पूर्ण उंचीची भिंत हवीच. बिया आणि चोथा मधल्या खोलीतून खिडकीवाटे थेट बाहेर जाऊ दे. मी पाहिलेल्या एका युनिटात बियांच्या बादल्या भरायच्या खोलीतून जायच्या, कारण दार तिथेच ठेवलं होतं. टाइल्स चकचकीत होत्या, पण चिलटं उघड्या बाटल्यांवर बसलेली मी स्वतः बघितली.

पाण्याची वाट मात्र उलटी. ते भरण्याच्या खोलीकडून धुण्याच्या खोलीकडे वाहिलं पाहिजे. दर 10 फुटांना दीड-दोन इंच उतार द्या. गटार गोल तळाचं करा, वरची जाळी उचलता आली पाहिजे. भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे काटकोन ठेवू नका, गोलाई द्या. गवंड्याला ‘वाटा घे’ म्हणून सांगा, त्याला कळतं. काटकोनात सालीचा तुकडा अडकला की खराटा तिथे पोचत नाही.

खिडकीच्या कट्ट्याला आतून चांगला उतार द्या. सपाट कट्टा दिसला की चहाचा कप, फणी, मोबाइल तिथेच येऊन बसतात. जाळी स्क्रूने बसवा, म्हणजे काढून धुता येईल. कौलांखाली छत घाला, नाहीतर पाल आणि उंदराची लेंडी वरून पडेल. दाराखाली पेन्सिल शिरेल एवढी फट असली तरी छोटा उंदीर आत येतो. रबरी पट्टी लावा. संडासाचं दार कामाच्या खोलीत उघडता कामा नये. हात धुण्याचा नळ आत शिरतानाच हवा, कोपराने उघडणारा.

आमसुलं इमारतीत वाळवू नका, दमटपणा वाढतो. बाहेर उंचवट्यावर सोलर ड्रायर ठेवा. जून उजाडला की अंगणातल्या उन्हाचा भरवसा नाही.

अन्नसुरक्षा परवान्यांबाबतच्या 2011 च्या विनियमांतलं परिशिष्ट 4 वाचून घ्या. स्वच्छतेच्या किमान अटी त्यात आहेत.

दोन गोष्टी तुम्ही लिहिल्या नाहीत. गोठा रिकामा आहे, मग गुरं कुठे बांधता? शेजारच्याच पडवीत असतील तर माश्यांना कुठलीच जाळी पुरणार नाही, गुरांची सोय आधी लांब करा. आणि विहीर कुठल्या बाजूला आहे? धुण्याचं पाणी खारट-आंबट असतं, ते विहिरीकडे किंवा माडांच्या मुळांशी जाता कामा नये. हे दोन्ही दाखवणारा साधा हातनकाशा काढून पाठवा, मग धुण्याचं पाणी सोडायच्या खड्ड्याची जागा ठरवू.