अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचा असिस्टंट कोच होण्याचा रस्ता कसा असतो? मी इथे भारतात विद्यापीठाच्या संघापर्यंतच खेळलो आहे, जमेल का?

जमतं. पण सुरुवात टॉवेलपासून होते.

मी एमएससाठी मिडवेस्टात आलो तेव्हा तिथल्या डिव्हिजन वन (कॉलेज खेळांची सर्वांत वरची पातळी) संघाकडे दोन सीझन स्टुडंट मॅनेजर होतो आणि नंतर वर्षभर व्हिडिओ रूममध्ये. असिस्टंट कोच काही झालो नाही, आता विमा कंपनीत आकडेमोड करतो. त्यामुळे हे उत्तर शिडीच्या खालच्या पायऱ्यांवरून वर बघत लिहिलंय असं समजा.

मॅनेजर म्हणजे घाम पुसणे, पाणी, कपडे धुणे आणि पहाटे एखादा खेळाडू शूटिंगला आला की त्याचे बॉल परत देत राहणे. त्याच्या वर ग्रॅज्युएट असिस्टंट: मास्टर्स करता करता काम, फी माफ, हातात किरकोळ पैसे. मग व्हिडिओ कोऑर्डिनेटर, मग बस-हॉटेल-जेवण बघणारा डायरेक्टर ऑफ ऑपरेशन्स, आणि त्यानंतर कधीतरी असिस्टंट कोच. 2023 पर्यंत हेड कोचच्या हाताखाली तीनच असिस्टंट चालायचे. एनसीएएने (कॉलेज खेळांचे नियम ठरवणारी अमेरिकन संघटना) त्या वर्षी आणखी दोन वाढवले, पण कॉलेजबाहेर जाऊन खेळाडू हेरायची मुभा तेव्हाही तिघांनाच ठेवली. म्हणजे वजनाच्या खुर्च्या तेव्हाही तीनच राहिल्या.

नाव नसलं तरी चालतं, हे खोटं नाही. लॉरेन्स फ्रँक इंडियाना विद्यापीठात तिथले हेड कोच बॉब नाइट यांच्याकडे मॅनेजर होते आणि 2004 मध्ये तेहतिसाव्या वर्षी एनबीएत, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, हेड कोच झाले. एनबीएतल्या लेकर्स संघाला 2020 चं विजेतेपद मिळवून देणारे फ्रँक व्होगल केंटकी विद्यापीठात मॅनेजर होते. उलट ड्यूक विद्यापीठाचे जॉन शायर (उर्दूतले नव्हेत) 2010 च्या विजेत्या संघात खेळले, 2013 मध्ये स्टाफवर परतले आणि 2022 मध्ये हेड कोच झाले. हा रस्ता तुमचा-माझा नाही.

आता असिस्टंट नेमकं करतो काय? लोकांना दिसतं ते बेंचवरचं. सीझनचे तीसेक सामने असिस्टंट आपापसात वाटून घेतात. प्रत्येक प्रतिस्पर्धी एकाच्या नावावर, त्याला 'स्काउट' म्हणतात. आमच्या एका असिस्टंटसाठी मी समोरच्या संघाच्या मागच्या सहा सामन्यांचे तुकडे कापून द्यायचो. तो रात्रभर बघून दोन पानी कागद करायचा: कोण डावीकडेच जातो, कोणाला तीन गुणांच्या रेषेबाहेर मोकळं सोडलं तरी चालेल. सामन्यात त्याचं अर्धं लक्ष समोरच्या कोचच्या हाताकडे. मूठ वर गेली की कुठली चाल येणार हे तो आपल्या पोरांना ओरडून सांगायचा.

एकदा मी घोळ घातला. समोरच्यांच्या एका खेळाडूने सीझनच्या मध्ये जर्सी नंबर बदलला होता. मी जुन्या नंबरावरून तुकडे लावले आणि कागदावर त्यांचा चांगला शूटर 'मोकळा सोडा' या रकान्यात गेला. त्याने पहिल्या हाफमध्येच चार थ्री मारले. हेड कोच मला एक शब्द बोलला नाही. त्या असिस्टंटला बोलला, सगळ्या लॉकर रूमसमोर. त्याने ऐकून घेतलं, माझं नाव घेतलं नाही. बसमध्ये शेजारी येऊन म्हणाला, "पुढच्या वेळी नंबर दोनदा बघ." तेव्हा कळलं की या पदावर श्रेय वर जातं आणि शिव्या मधल्या माणसापाशी थांबतात.

पण नोकरी टिकते ती रिक्रूटिंगवर, म्हणजे शाळकरी खेळाडू आपल्या संघाकडे वळवण्यावर. जुलैत साउथ कॅरोलिनात नॉर्थ ऑगस्टाला पीच जॅम नावाची शाळकरी मुलांची मोठी स्पर्धा होते, तिथे कोर्टाच्या कडेने कोच लोक आपापल्या विद्यापीठाचा लोगो मिरवत बसतात, मुलाने बघावं म्हणून. उरलेलं वर्ष फोन. मुलाच्या आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी आहे हेही असिस्टंटला ठाऊक. त्यात 2021 पासून मुलं संघ बदलून लगेच खेळू शकतात आणि स्वतःच्या नावावर जाहिराती वगैरे घेऊन कमावूही शकतात. म्हणजे दर वसंतात आपलीच पोरं नव्याने पटवायची.

पैशांचं विचाराल तर बड्या विद्यापीठांत उत्तम, खाली हलाखी. 1991 मध्ये एनसीएएने सर्वांत कनिष्ठ कोचच्या कमाईवर वर्षाला 16,000 डॉलरची मर्यादा घातली होती. कोच कोर्टात गेले, जिंकले आणि 1999 मध्ये साडेपाच कोटी डॉलरच्या आसपास तडजोड झाली. मर्यादा गेली, पण खालच्या पायऱ्यांवरची तंगी मी स्वतः भोगली आहे.

आणि हेड कोच गेला की सहसा स्टाफही जातो. आमच्याकडे मार्चमध्ये तेच झालं. त्या असिस्टंटने लोगोचे पंधरा-वीस पोलो शर्ट मला देऊन टाकले, पुढच्या गावी ते घालून कसा जाणार? मी अजून घरात घालतो. त्याला मेमध्ये दुसरीकडे काम मिळालं, तेही जुन्या ओळखीच्या एका फोनवर. बायको-मुलं शाळा संपेपर्यंत मागेच राहिली.

थांबायची तयारी किती हवी? बिल गथ्रिज नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात हेड कोच डीन स्मिथ यांच्या हाताखाली तीस वर्षं असिस्टंट होते. 1997 मध्ये हेड कोच झाले, तीन सीझनमध्ये दोनदा फायनल फोर (राष्ट्रीय स्पर्धेतले शेवटचे चार संघ) गाठली आणि निवृत्त झाले. टॉमी लॉइड गॉन्झागा विद्यापीठात वीस वर्षं असिस्टंट, मग 2021 मध्ये थेट ॲरिझोना विद्यापीठाचे हेड कोच.

तुमच्यासाठी व्हिसा हा खरा अडसर. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवरचं काम आठवड्याला वीस तासच, आणि शिक्षणानंतर काही काळ काम करायची जी परवानगी मिळते त्या ओपीटीत नोकरी तुमच्या विषयाशी जुळलेली हवी. म्हणून आधी मास्टर्सचा विषय नीट निवडा. मला संख्याशास्त्रामुळे व्हिडिओ रूम मिळाली. ॲडमिशन झाली की उन्हाळ्यातच डायरेक्टर ऑफ ऑपरेशन्सला मेल टाका, हेड कोचला नको, तो वाचत नाही. डिव्हिजन टू-थ्रीची छोटी कॉलेजंही बघा, तिथे माणसं कमी असल्याने सगळंच करायला मिळतं.

आणखी एक दार आहे, ते फार कोणी सांगत नाही. मुलींच्या संघांना सरावासाठी मुलगे लागतात, पूर्णवेळ विद्यार्थी आणि बऱ्यापैकी खेळणारे. तुम्ही त्यात बसू शकाल. विचारायला जाल तेव्हा बूट घेऊन जा, लगेच कोर्टवर उतरवतात. मी मुलांच्या संघाकडे चपलांवर गेलो होतो, म्हणून टॉवेल हातात आला.