कोडीसाठी (टीव्हीवर गाणी-व्हिडिओ लावायचं सॉफ्टवेअर) कोणता वायरलेस रिमोट घ्यावा, ब्लूटूथ की डोंगलवाला? आईवडिलांना एअर माऊस जमत नाही. बॉक्स टीव्हीखालच्या कपाटात आहे.

ब्लूटूथ की डोंगल, यावर सांगणारे पुष्कळ भेटतील. मी लिहायला बसले ते "आईवडिलांना जमत नाही" या तीन शब्दांमुळे. आमच्या घरात हे शब्द आठ महिने ऐकलेत.

आम्ही इंदूरचे, रामबागेतले. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला धाकटे दीर पुण्याहून आले ते सासूबाईंसाठी रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक घेऊन. त्यावर कोडी टाकलेलं, सोबत २ टीबीची डिस्क. सासऱ्यांनी जन्मभर जमवलेल्या कॅसेटी, नाट्यपदं, कीर्तनं, घरातल्या मुंजी-लग्नांचे व्हिडिओ, सगळं भाऊजींनी रात्री जागून त्यात भरलं होतं. त्याचं श्रेय त्यांचंच, मी कधी नाकारलं नाही. पण रिमोट आणला तो एअर माऊस. हवेत हलवला की पडद्यावर बाण पळतो, पाठीवर अख्खा कीबोर्ड, आणि यूएसबीत खोचायला नखाएवढा डोंगल.

सासूबाई ७६ वर्षांच्या, हात थोडा कापतो. बाण नावावर आणून ठेवेपर्यंत तो खालच्या कीर्तनावर घसरलेला असायचा. रिमोट मुठीत धरला की पाठची बटणं दाबली जायची आणि शोधाच्या चौकटीत अक्षरांची रांग लागायची. हे मी एका संध्याकाळी निस्तरलं. बाण बंद करायचं बटण त्यावर होतं. ते दाबलं, कीबोर्डवर पुठ्ठा कापून चिकटवला, आणि वर-खाली-डावं-उजवं एवढंच ठेवलं. त्यांना ते दोन दिवसांत येऊ लागलं.

खरा छळ त्यानंतर सुरू झाला. मेनूत रिमोट शहाण्यासारखा चालायचा आणि गाणं लागलं की बहिरा व्हायचा. आवाज कमी करायला चारदा दाबावं तेव्हा एकदा ऐकणार. कधी उलटंच, एकदा दाबलं की यादी आपोआप तळापर्यंत घरंगळत जायची. (बटण सोडल्याचा निरोप वाटेत हरवला की यंत्राला वाटतं, अजून दाबलेलंच आहे.) सासूबाई बिचाऱ्या उठून टीव्हीपाशी जायच्या आणि ओवाळल्यासारखा रिमोट त्याच्या कडेशी धरायच्या. तिथे चालायचा.

भाऊजींना फोन केला की ठरलेलं उत्तर: "वहिनी, आईला घाई असते, ती बटण दाबून धरते. तिला नाही जमणार हे. तुम्हीच लावून देत जा." मी सकाळी नऊला घर सोडते, साडेसहाला परत येते. मधल्या वेळात गाणं ऐकायचं की नाही? हळूहळू सासूबाईच म्हणायला लागल्या, राहू दे, मला नाही येत. ज्या बाईनं पाच मुलींच्या घरात टायपिंगची परीक्षा सगळ्यांत आधी पास केली, तिनं हे म्हणावं याचा मला राग आला, आणि तो अजून आहे.

सेल तीनदा बदलले. महाराणी रोडवरून दुसरा एअर माऊस आणला, तोही तसाच. परत न्यायला गेले तर दुकानदार म्हणाला, "भाभीजी, रिमोट तो ओके है, अपना डब्बा चेक कराओ." भांडून आले. तो बरोबर होता.

एका रविवारी पोह्यांची बशी हातात घेऊन टीव्हीसमोर बसले होते. सासूबाई मेनूत काहीतरी शोधत होत्या आणि डिस्कचा निळा दिवा विझलेला होता. पद लावलं, दिवा लुकलुकायला लागला, आणि रिमोट बंद. थांबलं की दिवा शांत आणि रिमोट सुरू. बशी खाली ठेवली. दोन पदं रास्पबेरी पायच्या मेमरी कार्डावर उतरवली, डिस्क काढून टाकली आणि त्यांच्या हातात रिमोट दिला. लोण्यासारखा चालला. डिस्क लावली, पुन्हा बहिरा.

मग वाचलं. यूएसबी ३ मधून माहिती सेकंदाला ५ गिगाबिट या वेगानं जाते. त्या गडबडीतून उठणारा रेडिओ-गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो, आणि डोंगल तिथेच कान लावून बसलेला असतो. इंटेलनं यावर २०१२ मध्येच सविस्तर लिहून ठेवलंय. पाय ४ ला चार यूएसबी असतात, दोन निळ्या जिभेचे म्हणजे ३.०, दोन काळ्या जिभेचे म्हणजे २.०. भाऊजींनी डिस्क एका निळ्यात खोचली होती आणि डोंगल तिच्या डोक्यावरच्या दुसऱ्या निळ्यात. मध्ये बोटभर जागा नाही, वर टीव्हीची पाठ आडवी.

एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबल आणली, शंभराच्या आत. एक टोक काळ्या पोर्टात, दुसऱ्या टोकाला डोंगल, आणि तो टीव्हीच्या चौकटीखाली पुढच्या बाजूला दुहेरी टेपनं चिकटवला. त्यानंतर एकदाही तक्रार नाही. घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. भाऊजींचं उत्तर आलं, "हो, तसंही होऊ शकतं." आठ महिने त्यांच्या आईला बोल लावला आणि वर "तसंही"!

आता तुमचं. माझं मत विचाराल तर एअर माऊस घरात म्हातारं माणूस असो-नसो, घेऊच नका. आधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन सीईसी शोधा. सॅमसंगमध्ये ते एनीनेट प्लस नावानं असतं, एलजीत सिम्पलिंक, सोनीत ब्राविया सिंक. ते सुरू केलं की टीव्हीच्याच रिमोटची बटणं एचडीएमआयच्या तारेतून कोडीला पोचतात, वेगळा रिमोट लागतच नाही. आमच्या टीव्हीत ते होतं, फक्त बंद होतं. मला हे सगळ्यांत शेवटी कळलं, आणि रिमोट विकत आणणाऱ्या इंजिनिअरांना तर कळलंच नव्हतं. सासूबाई आता टीव्हीचाच रिमोट वापरतात, 'ओके'च्या बटणावर त्यांनीच एक टिकली चिकटवलीय. एअर माऊस केबलसकट खणात पडलाय.

सीईसी नसेल तर साधा इन्फ्रारेड (अदृश्य प्रकाशावर चालणारा) रिमोट, कमी बटणांचा. त्याचा यूएसबीवाला रिसीव्हर मिळतो. सेल लवकर संपत नाहीत, जोडाजोडी नाही, आणि बिघडला का ते पाहायचं तर फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर बटण दाबा, टोकाला जांभळट ठिपका चमकतो. ब्लूटूथबद्दल माझं मत चांगलं नाही. सेल वाचवायला तो झोपतो, पहिलं बटण त्याला उठवण्यातच जातं, आणि आपण दाबलेलं लागलं नाही असं वाटून माणूस पुन्हा दाबतो. मग "आईला घाई असते" हे आलंच. शिवाय तोही त्याच २.४ च्या पट्ट्यात बोलतो, डिस्कचा गोंगाट त्यालाही छळू शकतो.

पण डिस्कच्या गोंगाटाचं हे सगळं पाय ४ सारखा यूएसबी ३ चा बॉक्स आणि यूएसबी ३ ची डिस्क असेल तर. पाय ३ ला यूएसबी ३ नाहीच, तिथे हे लागू नाही. काही टीव्ही सीईसीवरून सगळी बटणं पाठवत नाहीत, आणि स्वस्तातल्या काही एचडीएमआय केबलींत ती तार नसतेच, तेव्हा आधी केबल बदलून बघा. पाय ४ ला दोन एचडीएमआय आहेत, पॉवरच्या पिनेजवळचा वापरा.

आणि तुमचं कपाट राहिलंच. इन्फ्रारेड लाकडी दारातून जात नाही, काचेतून जातो. दार लाकडी असेल तर रिसीव्हरला एक्स्टेन्शन केबल लावून तो कपाटाबाहेर काढा, फळीच्या कडेला एक भोक पुरेल. सीईसी चालला तर भोकही नको, टीव्ही बाहेरच आहे. डोंगलच घ्यायचा ठरवलात तर डिस्क काळ्या पोर्टात लावा. कॉपी करायला वेळ लागेल, गाण्यांना आणि साध्या सिनेमांना तेवढा वेग भरपूर होतो.