एसईलिनक्समुळे वेबसर्व्हर अडतो. सगळेच बंद करतात म्हणे; मीही करू की अ‍ॅपआर्मरकडे वळू?

बंद करू नका. कुठल्या प्रोग्रामने कुठल्या फाइलला हात लावायचा हे ठरवणारा एसईलिनक्स हा लिनक्समधला पहारेकरी आहे, अ‍ॅपआर्मर तसाच दुसरा. तुमच्या प्रश्नातल्या त्या "सगळेच बंद करतात म्हणे"साठीच मी लिहायला बसलोय.

आर्वीकडच्या एका जिनिंगमधलं संगणकाचं काम मी बघतो. काट्यावर गाडीचं वजन झालं की पावती ब्राउझरमध्ये उघडते आणि छापून शेतकऱ्याच्या हातात जाते. ऐन हंगामात एका सकाळी प्रत्येक पावतीवर ४०३, म्हणजे पान दाखवायला सर्व्हरचा नकार. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, खिडकीशी माणसं: "भाऊ, पावती काऊन नाही निघून राहिली?" सॉफ्टवेअरवाला नागपूरहून फोनवर एकच सांगत होता, सेटएनफोर्स शून्य मारा, म्हणजे एसईलिनक्सचं अडवणं थांबवा. फोल्डरला ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, त्याने आदल्या रात्रीच करून ठेवलं होतं. तरीही अडतंय म्हणजे अडचण परवानग्यांची नाही, एवढं तरी त्याला कळायला हवं होतं.

ऑडिट लॉगमध्ये स्वच्छ लिहिलं होतं: एव्हीसी डिनाइड (एसईलिनक्सने नाकारलं), मागणारा एचटीटीपीडी_टी (वेबसर्व्हरचं लेबल), फाइल यूजर_होम_टी (कोणाच्या तरी होम फोल्डरमधल्या फाइलचं लेबल). त्याने नवं फोल्डर स्वतःच्या होममध्ये बनवून एमव्ही कमांडने हलवलं होतं. एमव्हीत फाइल जुनं लेबल घेऊन जाते; सीपीने कॉपी केलं असतं तर नव्या जागेचं लागलं असतं. जागेप्रमाणे योग्य लेबल लावणारं रिस्टोरकॉन चालवलं, पावत्या सुरू.

तरी तो मालकांना अजून सांगतो की मी हट्टाने सिस्टिम अवघड केली. त्याच मशिनवर मुनीमजींच्या होममध्ये शेतकऱ्यांच्या पासबुकांचे स्कॅन आहेत. उद्या वेबसाइटमधून कोणी घुसलं तर ७७७ त्याला अडवणार आहे का? फाइलच्या परवानग्या मालकी असणारा कधीही बदलतो, एसईलिनक्सची पॉलिसी, म्हणजे नियम, त्याच्या हातात नसते. २००३ पासून एसईलिनक्स लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये (गाभ्यात) आहे, अँड्रॉइड ५ पासून फोनमध्ये पूर्ण एन्फोर्सिंग, म्हणजे खरोखर अडवणारं, आहे. फोनवर कोणी बंद करा म्हणत नाही.

अ‍ॅपआर्मर लेबल नाही, पाथ (फाइलचा पत्ता) बघतं. नियम लिहायला सोपं. उबुंटूवर ते आधीच चालू असतं. रेडहॅटच्या घराण्यातलं मशीन असेल तर आहे तेच, म्हणजे एसईलिनक्सच, शिका.

हां, फाइली नेहमीच्या जागेबाहेर ठेवल्या असतील तर नुसतं रिस्टोरकॉन पुरणार नाही, आधी सीमॅनेज एफकॉन्टेक्स्टने त्या जागेचं लेबल नोंदवा. लॉगमधल्या नकारांवरून ऑडिटटूअलाउ सूट देणारे जे नियम देईल ते न वाचता टाकू नका. फारच अडलं तर एकट्या एचटीटीपीडी_टीला पर्मिसिव्ह (नुसती नोंद, अडवणं नाही) करा, अख्ख्या मशीनला नाही. आणि तुमचाही सॉफ्टवेअरवाला बंद करा म्हणत असेल तर त्याला म्हणा, लॉगमधली एव्हीसीची ओळ दाखव, मग बोलू.