पावसाळ्यात ठाण्यात बनवत असलेल्या गिटारचा साउंडबोर्ड (पुढची पातळ फळी) ठोकल्यावर बसका वाजतो. ब्रेस, म्हणजे फळीला आतून चिकटवलेले आधाराचे दांडे, किती तासू?

सध्या पटाशी खाली ठेवा. जुलैत ठाण्यात घरातली आर्द्रता सहज ८० टक्क्यांवर जाते. त्या हवेत स्प्रूस, म्हणजे फळीचं लाकूड, पाणी धरतं, जड नि मऊ होतं, ठोक्याचा सूर उतरतो. आता तासलंत तर हिवाळ्यात कळेल की जास्त गेलं. बंद खोलीत डीह्युमिडिफायर लावून ४५-५० टक्क्यांवर फळी आठवडाभर ठेवा, मग ठोका. ब्रेसही याच हवेत चिकटवलेले हवेत. दमट दिवसांत चिकटवले असतील तर एसीच्या खोलीत फळी आडवी आकसते, ब्रेस लांबीत आकसत नाहीत. फळी खचते नाहीतर चिरते. तसं असेल तर ब्रेस काढून पुन्हा लावणंच बरं.

स्टीलच्या तारांसाठी सिटका स्प्रूसची (स्प्रूसची एक जात) फळी साधारण २.८ मिमी जाड ठेवा. वरच्या कडेजवळ दोन बोटांत सैल धरून ब्रिजच्या (तारा अडकवायच्या पट्टीच्या) जागी बोटाच्या पेराने ठोका. ठण्ण वाजून सूर रेंगाळायला हवा. अमुकच स्वर यावा असा हट्ट नको, बाजूंना चिकटल्यावर तो बदलतोच.

तासताना आधी टोन बार (खालच्या भागातले लहान तिरके ब्रेस), मग एक्सचे (एकमेकांना छेदणाऱ्या दोन मुख्य ब्रेसचे) खालचे पाय. एका वेळी अर्धा मिमी, दर वेळी ठोकून. ताठपणा उंचीच्या घनावर चालतो: उंची १० टक्के कमी केली की ताठपणा सुमारे २७ टक्के जातो. म्हणून जिथे एक्स जुळतो तिथे हात लावूच नका. तिथे कमजोर झालं की तारांच्या ताणाने ब्रिजमागे फुगवटा, पुढे खड्डा, आणि बास नुसता घुमतो.