नॉर्वेजियन जोडशब्द तोडायचा कुठे, जोर कुठे द्यायचा?

आधी शब्दाचे घटक ओळखा, मग अक्षरं मोजा. ‘बार्नेहागे’ म्हणजे बालवाडी: बार्न (मूल) + हागे (बाग), मधला ‘ए’ सांधणारा. तो पहिल्या घटकाकडे जातो, म्हणून बार्ने-हागे. मुख्य जोर पहिल्या ‘बार्’वर, दुय्यम जोर ‘हा’वर. (ओस्लोकडे ‘र्न’चा चक्क आपला ‘ण’ होतो, बाणेहागे. मराठी जिभेला फुकटचा फायदा!)

ओळीच्या शेवटी शब्द तोडतानाही हाच सांधा शोधा. ‘बीलदेलेर’ म्हणजे गाडीचे सुटे भाग, बील-देलेर. चुकून ‘बिल्दे-लेर’ तोडलंत तर ‘चित्र हसतं’ असं वाचलं जाईल. आणखी एक गंमत: बस (buss) + स्टॉप (stopp) मिळून लिहिताना तीनऐवजी दोनच ‘स’ लिहितात, पण तिथेच ओळ तुटली की गाळलेला ‘स’ परत येतो.

मराठीत जोर बदलून सहसा अर्थ बदलत नाही, म्हणून आपण दोन्ही घटकांना सारखंच ठोकतो. तिकडे तसं केलंत तर दोन सुटे शब्द ऐकू येतात. ‘रॉइकफ्रित’ एका दमात म्हटलं की धूम्रपानमुक्त. तोडून ‘रॉइक फ्रित’ म्हटलं की ‘बिनधास्त ओढा’!